120 मीटरांच्या पलीकडचे

आमच्या घरासमोरच्या रस्त्यापलीकडे एक शेत आहे. कधी मका, कधी सोयाबीन, तर कधी हिवाळी गहू, असे त्याचे पीक दरवर्षी बदलते. ऑक्टोबरच्या अखेरीस उभा मका वाळला की वाऱ्याने जी सळसळ होते ती ऐकून मला विदर्भातल्या आमच्या गावची ज्वारी आठवते. गेल्या वर्षी या शेताच्या बांधावर एक मोठा फलक लागला. जमिनीचे झोनिंग बदलून तेथे दीडशेहून अधिक घरे बांधण्याचा प्रस्ताव नगरपरिषदेकडे आलेला आहे; त्यात काही स्वतंत्र घरे, काही रांगेतली घरे आणि रस्त्याच्या बाजूला भाड्याच्या सदनिकांची तीन मजली इमारत असेल, असे त्यावर लिहिले होते. खाली जनसुनावणीची तारीख होती.

फलक लागून आठवडाही झाला नसेल, तोच आमचे एक शेजारी निवेदन घेऊन दारात उभे राहिले. निवृत्त शिक्षक, सज्जन गृहस्थ. आम्ही येथे राहायला आलो त्या पहिल्या हिवाळ्यात न सांगता आमच्या अंगणातले बर्फ काढून देणारे. त्यांच्या निवेदनात पाच मुद्दे होते. विहिरींचे पाणी आटेल, सुपीक शेती नष्ट होईल, वाहतूक वाढेल, शाळेत जागा उरणार नाही, हे पहिले चार. पाचवा असा की, भाड्याने राहणाऱ्या अस्थिर लोकांमुळे गावाचे स्वरूप पालटेल. मी वाचून सांगतो म्हणून कागद ठेवून घेतला. त्याच रविवारी वंदनेनंतर आपल्याच समाजातील एका बांधवांनी मला बाजूला घेतले. त्यांचे घरही त्याच शेताच्या दुसऱ्या टोकाला आहे. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, त्या कागदावर सही करून टाका. आयुष्यभर राबून घर घेतले आपण. समोर कोण येऊन राहील, काय सांगता येते?"

या एका वाक्यामुळे प्रस्तुत लेख लिहावा लागत आहे. ते बांधव हा लेख वाचतील आणि मी त्यांच्यावर रागावलेलो नाही हेही त्यांना कळेल. कारण खिशातून पेन मीही काढले होते.

माझा जन्म 1970च्या आसपासचा. आमचे घर अर्थातच गावकुसाबाहेर, नाल्याच्या उताराच्या बाजूला. माझ्या लहानपणी वस्तीतल्या कुटुंबांची संख्या वाढली, एकेका खोलीत तीन-तीन बिऱ्हाडे झाली, तेव्हा वडिलांनी आणि आणखी काही जणांनी गावठाणवाढीसाठी तहसील कचेरीत अर्ज केला. गावाच्या वरच्या अंगाला गायरानाचा तुकडा होता, त्यातून घरांसाठी जागा मिळावी एवढीच मागणी. चौकशीसाठी अधिकारी आले, चावडीवर बैठक झाली. आमच्या बाजूचे लोक पायरीखाली उभे होते. गावाने हरकत घेतली. ती ऐकण्यासारखी होती. गुरे चरायला कोठे जातील? पावसाळ्यात पाणी कोणीकडे वळेल? पांदणरस्ता अडेल. माणसांविषयी कोणी एक शब्द काढला नाही. सगळी कारणे गुरांची, पाण्याची आणि रस्त्याची होती. अर्ज बारगळला. पुढे काही वर्षांनी शासनाच्या योजनेत घरकुले मंजूर झाली तीसुद्धा नाल्याच्याच बाजूला, आणखी खाली. पक्क्या विटांची घरे मिळाली, पण जागा तीच राहिली. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र मंत्रिमंडळाने डिसेंबर 2020 मध्ये घेतला. नाव बदलणे सोपे असते असे नाही, आणि त्याचे मोल मी कमी लेखत नाही. पण नकाशावरची जागा बदलणे त्याहून अवघड आहे, एवढे मात्र खरे.

बाबासाहेबांना हे पुरते ठाऊक होते. जुलै 1942 मध्ये नागपूरला भरलेल्या दलित वर्गांच्या परिषदेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींची मागणी करणारा ठराव झाला. 1947च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी त्याकरिता वसाहत आयोगाची तरतूद सुचविली. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीपुढे बोलताना त्यांनी खेड्यांचे गोडवे साफ नाकारले आणि मसुद्याने खेडे नव्हे तर व्यक्ती हे एकक मानले याबद्दल समाधान व्यक्त केले. आपण या भाषणाचा उल्लेख जयंतीच्या व्यासपीठावर नेहमी करतो. त्याचा एक अर्थ मात्र आपल्या लक्षातून निसटतो. शेजाऱ्यांचे बहुमत ही पवित्र गोष्ट नव्हे, असे बाबासाहेब सांगत होते. ते शेजारी हिंदू खेड्यातले होते म्हणून नव्हे केवळ. ज्याच्या ताब्यात आधीच जमीन आहे, त्याच्या हाती नंतर येणाऱ्याचे दार उघडण्याची वा लावण्याची सत्ता दिली तर काय होते, हे त्यांनी पाहिले होते.

आता प्रश्न असा आहे की, त्या चावडीच्या पायरीवर आज आपण कोठे उभे आहोत?

ओंटारिओत झोनिंग बदलावयाचे असेल तर सुनावणीच्या किमान 20 दिवस आधी सूचना द्यावी लागते. ती टपालाने धाडावयाची झाल्यास प्रस्तावित जागेपासून 120 मीटरांच्या आत ज्यांची मालमत्ता आहे त्या मालकांना धाडतात. आम्हांलाही तसे पत्र आले. ते हाती घेऊन मी बराच वेळ उभा होतो. माझ्या वडिलांना अशी सूचना कधीच आली नसती, कारण त्यांच्या नावावर काहीच नव्हते. मला आली, कारण माझ्या नावावर घर आहे. आणि जे लोक उद्या त्या तीन मजली इमारतीत राहावयास येणार, त्यांना ती येण्याचा प्रश्नच नाही. ते 120 मीटरांच्या आत राहत नाहीत. ते कोठे तरी दूरच्या शहरात, कोणाच्या तरी बेसमेंटमध्ये आहेत, आणि आपल्याविषयी येथे सुनावणी होत आहे याचा त्यांना पत्ताही नाही. सुनावणीत कोणालाही बोलता येते हे खरे. पण ज्याला कळलेच नाही तो येणार कोठून?

हे लोक कोण, ते मी सांगू शकतो, कारण ते रोज माझ्या दवाखान्यात भेटतात. आमच्या गावच्या वृद्धाश्रमात रात्रपाळी करणाऱ्या परिचारिका-साहाय्यक स्त्रिया रोज जाऊन-येऊन दीड-दोन तास गाडी चालवितात, कारण गावात भाड्याने घर नाही. त्यांतली एक केरळची, एक फिलिपिन्सची आणि एक पंजाबमधल्या आपल्यासारख्याच समाजातली. ज्या निवृत्त शिक्षकांनी निवेदन आणले, त्यांच्या आईला शेवटच्या दोन वर्षांत न्हाऊ-माखू घालणारी हीच केरळची बाई होती. त्यांना हे ठाऊक नाही असे नाही. त्यांच्या मनात या दोन गोष्टी एकत्र येत नाहीत, इतकेच.

आणि मी? दहा-बारा वर्षांपूर्वी मी अशाच एका कागदावर सही केली होती. जवळच्या एका शेतमालकाला हंगामी मजुरांसाठी नवीन निवासी चाळ बांधावयाची होती. ओंटारिओच्या शेतीत 1966 पासून जमैकाचे आणि 1974 पासून मेक्सिकोचे मजूर सरकारी योजनेखाली दरवर्षी येतात, भाजीपाला आणि फळे तोडतात आणि हंगाम संपला की परत जातात. त्या वेळच्या निवेदनातही सांडपाण्याचा मुद्दा अग्रभागी होता. मी तो वाचला, डॉक्टर म्हणून मला तो पटला, आणि मी सही केली. पुढे ते बांधकाम झाले नाही. त्यानंतरच्या उन्हाळ्यात एक मध्यमवयीन मजूर हातांवर पुरळ घेऊन माझ्याकडे आला. औषध लिहून देताना, हात वारंवार स्वच्छ धुवा, असे मी त्याला सांगितले. तो हसला. एका जुन्या घरात अकरा जण राहतो आणि न्हाणीघर एकच आहे, असे त्याने सांगितले. तक्रारीच्या सुरात नव्हे, तर डॉक्टरांना माहीत असावे म्हणून. तो कोणत्या शेतावरचा हे मी विचारले नाही. विचारण्याचे धैर्य झाले नाही. आमच्या गावच्या चावडीवर गुरांची आणि पाण्याची कारणे सांगणारे लोक वाईटच होते, असे मी लहानपणापासून समजत आलो होतो. त्या दिवसापासून तसे म्हणताना माझी जीभ थोडी अडखळते.

यावर कोणी म्हणेल की, मग काय, शेतावर घरे बांधू द्यावीत आणि गप्प बसावे? मुळीच नाही. पाण्याचा प्रश्न खोटा नसतो. मे 2000 मध्ये याच प्रांतातल्या वॉकर्टन या सुमारे पाच हजार वस्तीच्या गावात काय झाले ते आमच्या व्यवसायातला कोणी विसरू शकत नाही. मुसळधार पावसाने गुरांच्या शेणखतातले जंतू एका उथळ विहिरीत उतरले, क्लोरिनची मात्रा आणि तपासणी यांत हयगय झाली, सात माणसे दगावली आणि दोन हजारांवर आजारी पडली. लहान मुलांची मूत्रपिंडे कायमची अधू झाली. सेप्टिक टाक्या जवळजवळ आल्या की भूजलात नायट्रेट वाढते; नायट्रोजनच्या रूपात मोजले तर लिटरमागे 10 मिलिग्रॅम ही पिण्याच्या पाण्यासाठी ओंटारिओने घातलेली मर्यादा आहे, आणि ती ओलांडलेल्या पाण्यात दूध कालवून पाजले तर तान्ह्या मुलाचे रक्त प्राणवायू नीट वाहून नेत नाही, ते निळे पडते. शेतजमिनीचेही तसेच. कृषिगणनेनुसार 2016 ते 2021 या पाच वर्षांत ओंटारिओतली शेतजमीन सुमारे 1 कोटी 23 लाख एकरांवरून 1 कोटी 18 लाख एकरांपर्यंत खाली आली. एकदा डांबर आणि काँक्रीट पडले की ती जमीन परत येत नाही. भूमिहीनांसाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी 1959 आणि 1964 मध्ये जे सत्याग्रह उभारले, त्यांच्या वारसांना जमिनीची किंमत बाहेरच्याने शिकवावी असे नाही.

शिवाय बिल्डर हा काही गोरगरिबांचा कैवारी नव्हे, आणि कागदावर सही करणारा मंत्रीही नव्हे. टोरांटोच्या पूर्वेला पिकरिंगच्या परिसरात जे घडले ते आपल्यापैकी त्या बाजूला राहणाऱ्या अनेक कुटुंबांनी जवळून पाहिले आहे. 2 मार्च 1972 रोजी केंद्र सरकारने तेथे विमानतळासाठी 18,600 एकर जमीन ताब्यात घेण्याची घोषणा केली, आणि तिला लागून नवे शहर वसविण्यासाठी प्रांत सरकारने आणखी जमीन घेण्याचे ठरविले. शेतकऱ्यांना आणि रहिवाशांना आधी कोणी विचारले नव्हते. लोक संघटित झाले. त्यांच्या 'पीपल ऑर प्लेन्स' या संघटनेचे नेतृत्व करणारे चार्ल्स गॉडफ्रे हे व्यवसायाने डॉक्टर होते, आणि पुढे प्रांतिक विधिमंडळात निवडूनही गेले. आमच्या पेशातल्या माणसाने असे काही केले याचा मला अभिमान वाटतो. 1975 मध्ये प्रांताने रस्ते आणि सांडपाण्याची सोय करून देण्यास नकार दिला आणि विमानतळ थांबला. मात्र जमीन सरकारजमाच राहिली. तेथे विमानतळ होणार नाही, असे केंद्र सरकारने जाहीर केले ते जानेवारी 2025 मध्ये! मध्ये 53 वर्षे गेली. ज्यांची घरे गेली ते बहुतेक तोवर हयात नव्हते.

प्रांताने घेतलेल्या जमिनीतला एक मोठा तुकडा पुढे शेतीसाठीच राखून ठेवण्यात आला. डफिन्स-रूज कृषी राखीव क्षेत्र हे त्याचे नाव, आणि 2005 मध्ये त्याच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा झाला. त्याच वर्षी ग्रीनबेल्टची, म्हणजे हरितपट्ट्याची योजना आली. नोव्हेंबर 2022 मध्ये प्रांत सरकारने या हरितपट्ट्यातले 15 भूखंड, सुमारे 7,400 एकर, वगळून तेथे 50,000 घरे बांधण्याचा प्रस्ताव मांडला, आणि त्यात सर्वांत मोठा भाग या राखीव क्षेत्राचा होता. लोकांना मत देण्यासाठी 30 दिवस मिळाले. विरोधात हजारो निवेदने गेली, आणि डिसेंबरच्या मध्यात प्रस्ताव आहे तसा मंजूर झाला. कारण काय, तर घरांची टंचाई. टंचाई खरी होती. पण जमिनीची कमतरता हे तिचे कारण नाही, असे सरकारने स्वतःच नेमलेल्या समितीने फेब्रुवारी 2022 मध्येच सांगितले होते. ऑगस्ट 2023 मध्ये प्रांताच्या महालेखापालांचा अहवाल आला. 15 पैकी 14 भूखंड नियोजन अधिकाऱ्यांनी अभ्यास करून निवडलेले नव्हते, गृहनिर्माणमंत्र्यांच्या कार्यालयातल्या प्रमुख साहाय्यकाने पुढे केलेले होते, असे त्यात निष्पन्न झाले. अधिकाऱ्यांना तपासणीसाठी मोजून तीन आठवडे मिळाले. आणि जमीनमालकांच्या मालमत्तेचे मूल्य 8 अब्ज डॉलरहून अधिक वाढू शकत होते. मंत्र्यांनी सप्टेंबरच्या सुरुवातीस राजीनामा दिला, त्याच महिन्याच्या 21 तारखेस प्रीमियरनी (प्रांताच्या प्रमुखाला येथे हेच म्हणतात) क्षमा मागून निर्णय फिरविला, आणि डिसेंबरात कायद्याने सर्व भूखंड परत हरितपट्ट्यात आले.

हा प्रसंग मी एवढ्या विस्ताराने सांगितला, कारण त्या दिवसांत आपल्या काही तरुण मुलांनी मला प्रामाणिकपणे विचारले होते की, काका, घरे होत असतील तर आपण विरोध का करावा? माझे उत्तर असे होते की, ज्या 50,000 घरांची भाषा चालली होती त्यांत वृद्धाश्रमातल्या त्या तीन स्त्रियांना परवडतील अशी किती होती, हे कोणी सांगितले होते काय? गरिबाचे नाव पुढे करून श्रीमंताने जमीन मिळविणे ही आपल्याला नवी गोष्ट नाही. आणि ज्या आदिवासी राष्ट्रांनी 1923च्या विल्यम्स करारांपर्यंत आणि त्यानंतरही या भूमीवरचे आपले हक्क सांगितले, त्यांना तर 120 मीटरांच्या हिशेबात कोणी धरलेलेच नव्हते. त्यांच्या प्रमुखांनी या वगळण्याला उघड विरोध केला होता.

मग योग्य हरकत कोणती आणि अयोग्य कोणती, हे ओळखावे कसे? येथे मला एक जुना खटला उपयोगी वाटतो, आणि आपल्या कुटुंबांत तो फारसा माहीत नाही. ह्युरॉन सरोवराच्या काठी, ग्रँड बेंड या गावाजवळ, बीच ओ'पाइन्स नावाची उन्हाळी घरांची वसाहत आहे. तेथल्या भूखंडांच्या 1933च्या करारपत्रांत अशी अट होती की, ही जमीन ज्यू, निग्रो अथवा कोणत्याही गौरेतर वंशाच्या माणसाला विकू नये, देऊ नये, त्याने तेथे राहूही नये. म्हणजे आपणही त्यात आलोच. 1948 मध्ये ॲनी नोबल यांनी आपली जागा बर्नार्ड वुल्फ या लंडन (ओंटारिओ) येथील ज्यू व्यापाऱ्याला विकण्याचे ठरविले. शेजारी मालक न्यायालयात गेले. त्यांचे म्हणणे काय होते? वसाहतीचे वातावरण बिघडेल, मालमत्तेच्या किमती उतरतील! प्रांताच्या दोन्ही न्यायालयांनी शेजाऱ्यांची बाजू उचलून धरली. अखेर 20 नोव्हेंबर 1950 रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 'नोबल विरुद्ध ॲली' या खटल्यात ती अट रद्द ठरविली.

निकालाची कारणे वाचली की प्रथम थोडी निराशा होते. समतेविषयी त्यात भव्य विधाने नाहीत. न्यायालय रूक्षपणे सांगते की, जमिनीबरोबर चालणारी अट जमिनीच्या वापराविषयी असावी लागते. ही अट जमिनीविषयी नाही, माणसाविषयी आहे. शिवाय ती संदिग्धही आहे. पण विचार करता मला वाटू लागले की, समतेचा सगळा गाभा या रूक्ष वाक्यात आहे. जमिनीचा वापर आणि वापरणारा माणूस, या दोहोंत रेघ ओढा. 1979 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'बेल' खटल्यात, घरात एकाच कुटुंबाच्या माणसांनी राहावे असे सांगणारा नॉर्थ यॉर्कचा नियम रद्द केला, तोही याच दिशेने. आणि जात पाहून घर नाकारणे हाही भेदभावच आहे, हे ओंटारिओच्या मानवी हक्क आयोगाने ऑक्टोबर 2023 मध्ये आपल्या जातिभेदविषयक धोरणात स्पष्ट केले आहे. या देशात आल्यावर पहिले बेसमेंट पाहावयास आम्ही गेलो, तेव्हा घरमालकाने (आपल्याच देशाचा होता) भाडे सांगण्याआधी आडनाव विचारले होते, आणि मग जागा नुकतीच दिली गेल्याचे त्याला एकाएकी आठवले होते. असे अनुभव या स्मरणिकेच्या वाचकांना मी सांगावयास नकोत.

परंतु चावडीवरचा अनुभव सांगतो की, माणसांविरुद्धची हरकत जमिनीचा वेष घेऊन येऊ शकते. त्यावर माझी एक वैद्यकी युक्ती आहे. ताप हे लक्षण आहे, रोग नव्हे. मूळ ओळखण्यासाठी औषध देऊन पाहावे लागते. हरकत घेणाऱ्याला विचारावे, तुम्ही सांगितलेली अडचण दूर झाली तर हरकत मागे घ्याल काय?

आमच्या सुनावणीत नेमके हेच घडले. नगरपरिषदेचे सभागृह भरून लोक जिन्यावर उभे होते. नियोजन अधिकारी एक तरुण स्त्री होती. तिने शांतपणे नकाशे दाखविले, जलसंधारण प्राधिकरणाचे आणि शाळा मंडळाचे अभिप्राय वाचले. विहिरींविषयी पहिल्या पाच-सहा वक्त्यांनी तळमळीने सांगितले. तेव्हा तिने खुलासा केला की, गावची जलवाहिनी आणि मलवाहिनी तेथवर नेल्याखेरीज एकही घर बांधता येणार नाही, अशी अट घालण्याचा विचार आहे, आणि त्यामुळे नव्या विहिरी खोदल्याच जाणार नाहीत. एक शेतकरी बाई उठून म्हणाली, तसे असेल तर माझी पाण्याची तक्रार राहिली नाही, पण माझ्या शेताकडचा पाण्याचा निचरा तपासून पाहा. ही जमिनीची हरकत. इतर बहुतेकांनी खुलासा ऐकला आणि पुढचे अर्धा तास ते भाडेकरूंविषयी बोलले. स्वतंत्र घरे झाली तर चालतील, ती इमारत तेवढी वगळा, अशी सूचना टाळ्यांच्या गजरात आली. म्हणजे शेती जाणार ती जाणारच होती! तिच्या जागी कोण येणार, एवढाच वाद उरला होता.

मी नाव नोंदविले होते. पाच मिनिटे मिळतात. मी सांगितले की, मलवाहिनी आणि निचऱ्याची अट कायम ठेवावी, शेताच्या ओढ्याकडचा भाग बांधकामातून वगळावा, आणि भाड्याची इमारत कमी न करता त्यातल्या काही सदनिका या गावात काम करणाऱ्यांच्या पगारात बसतील अशा भाड्याने दीर्घकाळ राहतील याची लेखी हमी घ्यावी. हे सगळे झाले नाही तर माझा प्रस्तावाला विरोध राहील, आणि इमारत वगळली तरीही विरोध राहील. शेवटी मी त्या रात्रपाळीच्या स्त्रियांविषयी दोन वाक्ये बोललो. टाळ्या पडल्या नाहीत. मागून कोणी तरी म्हणाले, "डॉक्टरांना काय, त्यांना रुग्ण मिळतील." यावर लोक हसले आणि खरे सांगायचे तर मीही हसलो.

एक गोष्ट मात्र मला त्या शेजाऱ्यांच्या बाजूने सांगितली पाहिजे. 2022च्या कायद्याने सबडिव्हिजनच्या आराखड्यासाठी सक्तीची जनसुनावणी रद्द झाली, आणि 2024च्या कायद्याने झोनिंगच्या निर्णयाविरुद्ध न्यायाधिकरणाकडे अपील करण्याचा सामान्य शेजाऱ्याचा हक्क बहुतांशी काढून घेतला गेला. बिल्डरला तो आहे. घरे लवकर व्हावीत हा हेतू सांगितला जातो. मला हे पटत नाही. शेजाऱ्याच्या हाती दार लावण्याची सत्ता नसावी. पण म्हणून त्याचे तोंड बंद करावे असे नव्हे. सुनावणी बंद झाली की निर्णय कोठे होतात, ते हरितपट्ट्याच्या प्रकरणाने दाखविले आहे. ज्या व्यासपीठावर मला चुकीचे बोलणारे भेटतात, त्याच व्यासपीठावर मला उभे राहता येते. आमच्या वडिलांच्या पिढीला ती पायरी चढता आली नव्हती.

समाजात अधूनमधून असा विचार निघतो की, आपण दहा-वीस कुटुंबांनी मिळून जमीन घ्यावी, मध्ये विहार बांधावा आणि भोवती आपलीच घरे. कल्पना चांगली आहे, आणि तिला 1942च्या ठरावाचा आधारही कोणी देईल. तो प्रस्ताव ज्या दिवशी एखाद्या ग्रामीण नगरपरिषदेपुढे जाईल, त्या दिवशी विहिरी, वाहतूक आणि गावाचे स्वरूप हेच मुद्दे आपल्याविरुद्ध मांडले जातील, हे मी आजच सांगून ठेवतो. तेव्हा आपल्या बाजूने पाच मिनिटे बोलावयास कोणी स्थानिक माणूस उभा राहील काय, याचा विचार आपल्या त्या बांधवांनी करावा. मी त्यांना हे प्रत्यक्ष सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सही मी आधीच केली आहे, डॉक्टरसाहेब." मी त्यांना सांगितले की, मीही एकदा केली होती, आणि ती कोणत्या कागदावर होती हेही सांगितले.

निवृत्त शिक्षकांना त्यांचा कागद मी परत नेऊन दिला. पहिल्या दोन मुद्द्यांचे वेगळे पत्र लिहीत असाल तर मी सही करीन, असे म्हटले. त्यांनी अजून लिहिलेले नाही. बर्फ पडले तेव्हा आमचे अंगण या वर्षी मीच साफ केले. त्यांच्या दारासमोरचेही केले.

परिषदेने निर्णय दिलेला नाही. नियोजन अधिकाऱ्यांचा अंतिम अहवाल यावयाचा आहे आणि त्यानंतर पुन्हा सभा होईल. तारीख कळली की मी संस्थेच्या कार्यवाहांना कळवीन. ती सभा सहसा सायंकाळी सात वाजता असते, शहरातून दीड तास लागतो, आणि माझ्या गाडीत चार जागा आहेत. वृद्धाश्रमातल्या त्या पंजाबच्या भगिनीने एक जागा आधीच मागून ठेवली आहे. त्या दिवशी तिची रात्रपाळी नसावी, एवढेच पाहावयाचे आहे.